डायनीन : नाम, प्रमाण आणि कार्य

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या प्रथिनाचे कार्य सिद्ध झाले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय सिद्ध झालेले असते, हा प्रश्न जीवशास्त्राच्या अभ्यासकाने वारंवार विचारावयास हवा. प्रथिन अमुक जागी आढळते; परीक्षानळीत ते अमुक रासायनिक क्रिया घडवते; ते काढून घेतले असता पेशीतील अमुक व्यापार थांबतो किंवा मंदावतो; ते परत घातले असता तो व्यापार पूर्ववत होतो; आणि शेवटी, केवळ त्या प्रथिनाच्या बळावर तो व्यापार उभा करता येतो. ही पाच विधाने परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्यावरून दुसरे निघत नाही आणि चौथ्यावरून पाचवे निघत नाही. तथापि पाठ्यपुस्तकात ही पाचही विधाने एकाच वाक्यात विलीन होतात आणि ‘डायनीन हे पक्ष्माभिका व कशाभिका यांचे चालक प्रथिन होय’ असे सुटसुटीत सूत्र विद्यार्थ्याच्या हाती पडते.

हे सूत्र खोटे नाही; मात्र ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण कोठे आहे हे पाहण्यासाठी ते ज्या प्रयोगांवर उभे आहे त्यांची क्रमवार चिकित्सा करणे अगत्याचे आहे. डायनीनचा इतिहास अशा चिकित्सेस विशेष अनुकूल आहे. या प्रथिनाला नाव प्रथम मिळाले, त्याचे प्रमाण नंतर मिळाले, आणि त्याच्या कार्याच्या मर्यादा त्याहूनही नंतर कळल्या. शिवाय या मर्यादा न ओळखल्याचा परिणाम केवळ तात्त्विक राहिला नाही. रुग्णाच्या निदानापर्यंत तो पोचला.

२. रचना आणि तिच्यावरून काढलेले अनुमान

पक्ष्माभिका व कशाभिका यांच्या गाभ्यातील अक्षसूत्राचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पाच-हजाराव्या भागाइतका असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्याची अंतर्रचना उलगडणे अशक्य होते. १९५२ साली मँटन व क्लार्क यांनी वनस्पतींच्या शुक्रजंतूंत आणि १९५४ साली फॉसेट व पोर्टर यांनी प्राण्यांच्या पक्ष्माभिकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने जी रचना दाखविली, ती पुढे ‘नऊ अधिक दोन’ या नावाने रूढ झाली : परिघावर नऊ युग्मनलिका आणि मध्यभागी दोन एकेरी नलिका. १९५९ मध्ये आफ्झेलियस यांनी सागरी अर्चिनच्या शुक्रजंतूचे पुच्छ नव्या स्थिरीकरण पद्धतीने तपासले. प्रत्येक युग्मनलिकेपासून शेजारच्या युग्मनलिकेकडे झेपावलेले दोन ‘बाहू’ आणि मध्याकडे जाणारे ‘आरे’ त्यांना स्पष्ट दिसले.

या चित्राने दोन अनुमानांना वाट करून दिली. स्नायूच्या आकुंचनात तंतू आखूड होत नसून एकमेकांवरून सरकतात ही उपपत्ती १९५४ साली मांडली गेली होती, आणि स्नायूतील आडव्या सेतूंशी या बाहूंचे साम्य लपण्यासारखे नव्हते. उलटपक्षी परिघावरील नऊ तंतू क्रमाक्रमाने आकुंचन पावतात व त्यामुळे पक्ष्माभिका वाकते, अशी कल्पना ब्रॅडफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली होती. ती तेव्हा मुळीच असंभाव्य नव्हती. केवळ रचना पाहून या दोहोंत निवाडा करणे शक्य नव्हते. बाहूंचे अस्तित्व सरकण्याला अनुकूल होते, इतकेच म्हणता येत होते.

याच सुमारास एक महत्त्वाचा निष्कर्ष रसायनशास्त्राकडून न येता गणिताकडून आला, आणि तो आजही पुरेसा वाचला जात नाही. मॅचिन यांनी १९५८ मध्ये असा प्रश्न केला की, शुक्रजंतूचे पुच्छ ही बुडाशी हलविलेली केवळ लवचीक काडी असेल तर तिच्यावरील तरंग कसा दिसेल? उत्तर असे की, भोवतालच्या द्रवाच्या घर्षणामुळे तो तरंग टोकाकडे जाता जाता विझत गेला पाहिजे. प्रत्यक्षात मात्र तरंगाचा विस्तार टोकापर्यंत टिकून राहतो. म्हणजे बल बुडाशी नव्हे, पुच्छाच्या संपूर्ण लांबीवर निर्माण होत असले पाहिजे. बलोत्पादक द्रव्य कोणते हे यावरून कळत नव्हते. पण ते कोठे असले पाहिजे हे कळत होते. पुढे ज्या प्रथिनाचा शोध लागला, त्याची जागा अशी आधीच आखून ठेवली गेली होती.

३. नामकरण

इयन गिबन्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेले काम टेट्राहायमेना या एकपेशीय प्राण्याच्या पक्ष्माभिकांवरचे आहे. पक्ष्माभिका वेगळ्या करणे, डिजिटोनिनने त्यांचे आवरण काढणे, नंतर अत्यल्प क्षारांच्या व ई. डी. टी. ए.युक्त द्रावणात त्या ठेवून प्रथिने बाहेर काढणे, अशी ही पद्धत. असे केल्यावर ए. टी. पी.चे विघटन करणारी बहुतांश क्रिया द्रावणात उतरली. आणि त्याच वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली युग्मनलिकांवरील बाहू नाहीसे झालेले दिसले. मॅग्नेशियमच्या सान्निध्यात ते प्रथिन परत मिळविले असता बाहू पुन्हा दिसू लागले. नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही साधले होते : एंझाइम आहे तेथे बाहू आहेत, एंझाइम नाही तेथे बाहू नाहीत.

ही पद्धत निर्दोष आहे, परंतु तिने काय सिद्ध केले हे बारकाईने पाहिले पाहिजे. बाहू आणि ए. टी. पी.चे विघटन करणारे एंझाइम हे एकच द्रव्य आहे, एवढेच तिने सिद्ध केले. ते द्रव्य बल निर्माण करते असे तिने सिद्ध केले नाही, कारण ज्या पक्ष्माभिकांवर हा प्रयोग झाला त्या हालत नव्हत्या. तरीही १९६५ मध्ये गिबन्स व रो यांनी या प्रथिनाला ‘डायनीन’ हे नाव दिले, आणि या नावाची व्युत्पत्ती बलाच्या ‘डाइन’ या एककाशी जोडलेली आहे. म्हणजे नावाने जे सांगितले ते प्रयोगाने अद्याप सांगितले नव्हते. अपकेंद्रण यंत्रात त्याचे १४ एस व ३० एस असे दोन प्रकार आढळले होते. म्हणजे ज्याला एक नाव मिळाले तो पदार्थही एकविध नव्हता.

या नामकरणाला उतावळेपणा म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संशोधनात नाव हे पुष्कळदा गृहीतकाचे संक्षिप्त रूप असते, आणि चांगले गृहीतक स्वतःला कसोटीस लावण्याचे आवाहन करते. गिबन्स यांचे श्रेय हे की, नाव दिल्यानंतरही त्याला प्रमाण मानून ते थांबले नाहीत. पुढची अनेक वर्षे त्यांनी ते नाव सार्थ आहे काय हे तपासण्यात घालविली. दोष कोणाचा असेल तर तो नाव वाचून प्रयोग न वाचणाऱ्या पुढील पिढ्यांचा आहे. नावामुळे एक सवय मात्र जडली : चलनाविषयीचा कोणताही प्रश्न उपस्थित झाला की उत्तरादाखल हे एकच नाम उच्चारावयाचे.

४. सरकणे सिद्ध झाले, वाकणे राहिले

तंतू आकुंचन पावतात की सरकतात हा वाद पीटर सॅटिर यांनी रचनेच्याच आधारे, पण अधिक चतुर युक्तीने सोडविला. १९६५ व १९६८ मधील त्यांचे अभ्यास गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांचे आहेत. वाकलेल्या अवस्थेत गोठविलेल्या पक्ष्माभिकेच्या अगदी टोकाशी छेद घेतले असता, वाकण्याच्या दिशेनुसार काही युग्मनलिका पुढे गेलेल्या व काही मागे राहिलेल्या दिसल्या. नलिकांची लांबी कायम राहून त्या एकमेकींवरून सरकल्या तर भूमितीनुसार नेमके हेच घडावयास हवे. आकुंचनाच्या उपपत्तीला हा मोठा धक्का होता. परंतु सरकविणारे बल बाहूंचे आहे, हे येथेही गृहीतच होते.

ते सिद्ध झाले १९७१ मध्ये. समर्स व गिबन्स यांनी सागरी अर्चिनच्या शुक्रजंतूंच्या पुच्छांचे आवरण काढून त्यांचे तुकडे केले, त्यांवर ट्रिप्सिनची अल्पकाळ क्रिया होऊ दिली आणि नंतर ए. टी. पी. घातले. ट्रिप्सिनने युग्मनलिकांना एकत्र बांधणारे दुवे तुटले होते, बाहू मात्र बहुतांशी शाबूत होते. कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यांतून नलिका बाहेर सरकत गेल्या आणि तुकडा मूळ लांबीच्या कित्येक पट लांबला. हा प्रयोग पेशीजीवशास्त्रातील सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक मानावा लागेल, कारण जे सिद्ध करावयाचे ते त्याने डोळ्यांसमोर घडवून दाखविले.

परंतु याच प्रयोगाचे दुसरे अंग तितकेच महत्त्वाचे आहे, आणि ते बहुधा मागे पडते. ट्रिप्सिनने दुवे तोडल्यावर नलिका सरकल्या, पण पुच्छ वाकले नाही. त्यात लय राहिली नाही. सरकणे एकदा सुरू झाले ते तुकडा विस्कटेपर्यंत चालू राहिले. म्हणजे डायनीन सरकविते हे ज्या प्रयोगाने सिद्ध केले, त्यानेच हेही सिद्ध केले की सरकविणे म्हणजे फटकारे मारणे नव्हे. नलिका परस्परांशी व बुडाशी बांधलेल्या असतील तरच सरकण्याचे वाकण्यात रूपांतर होते. १९७७ साली शिंग्योजी, मुराकामी व ताकाहाशी यांनी आवरण काढलेल्या, परंतु अखंड पुच्छावर एका ठरावीक जागी ए. टी. पी. सोडून तेवढ्या भागातच वाक निर्माण करून दाखविला. दुवे राहिले तर वाक, दुवे गेले तर निव्वळ सरकणे, हा भेद त्यामुळे पक्का झाला.

५. एक नाम, अनेक प्रथिने

डायनीन काढून घेतले तर काय होते, या प्रश्नाचे उत्तर बार्बरा गिबन्स व इयन गिबन्स यांनी १९७३ मध्ये दिले. आवरण काढलेल्या शुक्रजंतूंना पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणात ठेवले असता केवळ बाह्य बाहू निघून जातात. अशा शुक्रजंतूंना ए. टी. पी. दिले असता ते हालत राहिले. त्यांच्या फटकाऱ्यांची वारंवारता सुमारे निम्म्यावर आली, परंतु तरंगाचा आकार फारसा बदलला नाही. १९७९ मध्ये त्यांनी काढलेले बाह्य बाहू परत बसवून वारंवारता पुन्हा वाढते हेही दाखविले. उपरोक्त पाच विधानांपैकी तिसरे व चौथे येथे सिद्ध झाले. पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या स्वरूपात. निम्मे बाहू गेले म्हणून वाकणे निम्मे झाले नाही. वेग निम्मा झाला.

हा अपवाद नाही हे क्लॅमिडोमोनस या द्विकशाभिकी हिरव्या शैवलाच्या उत्परिवर्तित वाणांनी दाखवून दिले. बाह्य बाहू नसलेले वाण संथपणे पोहतात. आंतर बाहूंपैकी काही नसलेल्या वाणांत वारंवारता फारशी घटत नाही, पण वाकांचा विस्तार कमी होतो. ब्रोकॉ व कामिया यांनी १९८७ मध्ये या दोहोंची तुलना करून बाह्य व आंतर बाहूंची कामे भिन्न असल्याचे दाखविले. आज ज्ञात असलेली रचना याला दुजोरा देते : बाह्य बाहू २४ नॅनोमीटरच्या एकसारख्या अंतराने बसलेले असतात, तर आंतर बाहू ९६ नॅनोमीटरच्या आवर्तनात निरनिराळ्या सात प्रकारांनी मांडलेले असतात. बाह्य बाहूत क्लॅमिडोमोनसमध्ये तीन, तर मनुष्यात दोन जड शृंखला असतात. या शृंखलांपैकी सागरी अर्चिनमधील एकीचा संपूर्ण क्रम १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केला. तिच्यात ४,४६६ अमिनो आम्ले आहेत आणि ए. टी. पी.शी बांधून घेऊ शकतील अशा चार जागा आहेत. मनुष्याच्या जनुकसंचात अक्षसूत्रातील डायनीनच्या जड शृंखलांची दहाहून अधिक जनुके आहेत. पेशीच्या अंतर्भागात भार वाहणारे डायनीन १९८७ मध्ये पॅशल व व्हॅली यांनी वेगळे ओळखले. त्याचा विचार येथे अप्रस्तुत आहे.

तात्पर्य, ‘डायनीनचे कार्य’ हा एकवचनी प्रयोग व्याकरणदृष्ट्या सोयीचा असला तरी वस्तुस्थितीला सोडून आहे. एखाद्या निबंधात ‘डायनीनच्या अभावी चलन थांबते’ असे विधान आढळले, तर कोणते डायनीन, कोणत्या प्राण्यातील आणि चलनाचे कोणते अंग, हे तीन प्रश्न वाचकाने विचारल्यावाचून राहू नये. ईल जातीच्या माशांचे शुक्रजंतू या बाबतीत उद्बोधक आहेत. त्यांच्या पुच्छात बाह्य बाहू नाहीत, आरे नाहीत आणि मध्य-युग्मही नाही. तरीही ते वेगाने फटकारे मारतात. क्लॅमिडोमोनसमध्ये आरे किंवा मध्य-युग्म नसलेला वाण पांगळा होतो, हे विटमन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये दाखविले होते. म्हणजे एका जीवात जे अंग अपरिहार्य, तेच दुसऱ्यात अनावश्यक. ‘आवश्यक’ हा शब्द जीवशास्त्रात सापेक्ष आहे, हे यावरून उघड होते.

६. बल कोणाचे, नियमन कोणाचे

डायनीनच्या कार्याविषयीची खरी अडचण सेल व सॅटिर यांनी १९७७ मध्ये प्रकट केली. टेट्राहायमेनाच्या पक्ष्माभिकांत नलिका कोणत्या दिशेने सरकतात हे तपासता त्यांना असे आढळले की ही दिशा सर्वत्र एकच असते : प्रत्येक युग्मनलिकेवरील बाहू शेजारच्या युग्मनलिकेला टोकाच्या दिशेने ढकलतात, कधीही उलट नाही. आता अक्षसूत्र एका बाजूस वाकते व नंतर दुसऱ्या बाजूस. जर सर्व नऊ युग्मनलिकांवरील बाहू एकाच वेळी सारख्याच जोमाने काम करतील, तर समोरासमोरच्या बाजूंचे प्रयत्न परस्परांना छेदतील आणि वाक निर्माण होणार नाही. रस्सीखेचीत दोन्ही पक्ष सारखेच ओढू लागले की दोर ताणला जातो, पण हालत नाही, येथेही तसेच. वाक हवा असेल तर एका बाजूचे बाहू क्रियाशील असताना दुसऱ्या बाजूचे निष्क्रिय असले पाहिजेत आणि सेकंदाला अनेक वेळा ही पाळी बदलली पाहिजे. ही पाळी कोण बदलतो? डायनीन या नावात त्याचे उत्तर नाही.

उत्तरादाखल मांडल्या गेलेल्या उपपत्ती तीन वर्गांत पडतात. ब्रोकॉ यांनी १९७१ मध्ये वक्रता हीच नियामक असल्याचे प्रतिपादन केले : जेथे वाक पुरेसा झाला तेथे सरकण्याची दिशा उलटते. लिंडमन यांनी १९९४ मध्ये असे सुचविले की, वाकण्यामुळे युग्मनलिकांमधील आडवे अंतर बदलते. अंतर वाढले की बाहूंची पकड सुटते, कमी झाले की बसते. रीडेल-क्रूसे, हिल्फिंगर, हॉवर्ड व युलिशर यांनी २००७ मध्ये सरकण्याचेच प्रमाण हे नियमनाचे साधन असल्याचे गणिताने दाखविण्याचा प्रयत्न केला. तिन्ही उपपत्ती प्रत्यक्ष तरंगाशी जुळणारे आकार निर्माण करू शकतात, आणि नेमकी हीच त्यांची उणीव आहे. ज्या कसोटीत सर्वच उमेदवार उत्तीर्ण होतात, ती कसोटी निवड करण्यास असमर्थ असते. तरंगाचा आकार जुळला म्हणजे यंत्रणा सिद्ध झाली, असा समज या विषयावरील लेखनात अजूनही डोकावतो. तो सोडला पाहिजे.

प्रायोगिक बाजूने दोन पुरावे अधिक मोलाचे ठरले. पहिला १९८२ सालचा. हुआंग, रामानिस व लक यांना क्लॅमिडोमोनसचे असे वाण मिळाले की ज्यांत आरे किंवा मध्य-युग्म यांचा दोष तसाच राहूनही, दुसऱ्याच एका जनुकातील उत्परिवर्तनामुळे कशाभिका पुन्हा हालू लागल्या. अंग परत आले नाही, कार्य मात्र काही अंशी परत आले. यावरून आरे व मध्य-युग्म बल निर्माण करीत नाहीत. ते एरवी रोखून धरलेल्या बाहूंचे नियमन करतात, हा निष्कर्ष अटळ ठरतो. पांगळ्या वाणातही बलोत्पादक यंत्र शाबूत होते. त्याला केवळ मोकळीक मिळत नव्हती. पांगळेपणा दिसला की बलाचा अभाव आहे असे मानण्याची जी सवय होती, तिला या प्रयोगाने उत्तर दिले.

दुसरा पुरावा लिन व निकॅस्ट्रो यांनी २०१८ मध्ये दिला. हालचाल चालू असतानाच सागरी अर्चिनचे शुक्रजंतू क्षणार्धात गोठवून त्यांनी बाहूंच्या अवस्था वाकाच्या निरनिराळ्या जागी तपासल्या. पूर्वीची अपेक्षा अशी होती की बाहू सामान्यतः स्वस्थ असतील आणि पाळी आली की कामास लागतील. दिसले ते उलट : बहुसंख्य बाहू क्रियाशील अवस्थेत होते, आणि वाकानुसार एका बाजूवरील बाहू निष्क्रिय झालेले होते. म्हणजे नियमन हे चालना देण्याचे नसून आवरण्याचे आहे. रस्सीखेचीचा दृष्टांत पुढे न्यावयाचा तर दोन्ही पक्ष सदैव ओढीत असतात. एकाचे हात क्षणभर सैल केले जातात म्हणून दोर हालतो. मात्र हा आवर नेमका कोणत्या यांत्रिक संकेताने घातला जातो, याविषयी अद्याप एकमत नाही.

येथे कोणी अशी वाटणी करील की बल डायनीनचे आणि लय इतरांची. तीही पूर्णपणे टिकत नाही. शिंग्योजी व त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये युग्मनलिकेवरील अगदी थोड्या बाहूंचे बल मोजले तेव्हा ते स्थिर नव्हते. ते आंदोलित होत होते, आणि ए. टी. पी. भरपूर असता आंदोलनांची वारंवारता सेकंदाला सुमारे ७० पर्यंत पोचत होती. एका बाहूचे महत्तम बल सुमारे ६ पिकोन्यूटन भरले. अक्षसूत्राच्या संपूर्ण रचनेवाचूनही बाहूंच्या ठिकाणी लयीचे बीज आहे, असा याचा अर्थ होतो. तेव्हा डायनीन म्हणजे बल आणि आरे म्हणजे नियमन ही विभागणी अध्यापनास सोयीची असली, तरी तिला अंतिम मानणे योग्य नव्हे.

७. रुग्णाच्या संदर्भात

या चिकित्सेचे मोल सर्वांत अधिक कोठे जाणवत असेल तर वैद्यकात. कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या विकारात श्वासनलिकांचे विस्फारण, नासाकोटरांचा दाह आणि अंतर्गत अवयवांची डावी-उजवी उलटापालट हे तीन दोष एकत्र आढळतात. १९७६ साली आफ्झेलियस यांनी, म्हणजे ज्यांनी सतरा वर्षांपूर्वी बाहू प्रथम पाहिले त्यांनीच, या रुग्णांतील पुरुषांच्या शुक्रजंतूंना व श्वसनमार्गातील पक्ष्माभिकांना बाहू नसल्याचे दाखविले. श्लेष्मा वाहून नेला जात नाही म्हणून फुप्फुसांचा विकार, शुक्रजंतू हालत नाहीत म्हणून वंध्यत्व. आणि गर्भावस्थेतील पक्ष्माभिका हालत नाहीत म्हणून अवयवांची बाजू दैवयोगाने ठरते, असे त्यांनी सुचविले. हे शेवटचे अनुमान तेव्हा धाडसी होते. १९९७ मध्ये सप व त्यांचे सहकारी यांनी उलट्या अवयवांच्या उंदरांत डायनीनचाच दोष दाखविला, आणि १९९८ मध्ये नोनाका व हिरोकावा यांच्या गटाने गर्भातील विशिष्ट पक्ष्माभिकांच्या फिरण्याने द्रवाचा प्रवाह निर्माण होतो हे दाखवून त्या अनुमानाला आधार दिला.

कल्पनेच्या बाबतीत आफ्झेलियस अशा प्रकारे खरे ठरले. नावाच्या बाबतीत तसे झाले नाही. या विकाराला ‘निश्चल पक्ष्माभिकांचा विकार’ असे नाव पडले, परंतु लवकरच असे रुग्ण आढळू लागले की ज्यांच्या पक्ष्माभिका हालतात, पण चुकीच्या रीतीने हालतात. स्ले यांनी १९८१ मध्ये चलनदोषाचे निदर्शक असे नवे नाव सुचविले आणि तेच पुढे रूढ झाले. बाहू नाहीत म्हणजे चलन नाही, ही समजूत येथे प्रथम ढळली. तिची उलट बाजू त्याहून अधिक महत्त्वाची आहे. डीएनएएच-११ या जनुकातील दोष असलेल्या रुग्णांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बाहू यथास्थित दिसतात. तरीही पक्ष्माभिका ताठर असतात व अल्प विस्ताराने हालतात, आणि रुग्ण वर्षानुवर्षे त्याच विकाराने पीडित राहतो. या विकाराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत रचना नेहमीसारखीच दिसते असे मानले जाते. बाहू दिसले म्हणून विकार नाही असे म्हणणाऱ्या निदानपद्धतीने अशा रुग्णांना निरोगी ठरविले असते. म्हणूनच आज नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे मापन, वेगवान चित्रणाने चलनाचे निरीक्षण, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन आणि जनुकपरीक्षा यांपैकी कोणत्याही एकीवर विसंबू नये असा दंडक पडला आहे.

आणखी एक व्यतिरेकी उदाहरण येथे नोंदविण्यासारखे आहे. ज्या रुग्णांत दोष बाहूंचा नसून आऱ्यांचा किंवा मध्य-युग्माचा असतो, त्यांना श्वसनमार्गाचा विकार होतो, पण त्यांचे अवयव उलटे नसतात. कारण असे की, गर्भातील ज्या पक्ष्माभिका डावे-उजवे ठरवितात त्यांत मध्य-युग्म नसतेच. त्या फटकारे न मारता गोल फिरतात. एकच जनुकदोष एका अवयवास बाधक व दुसऱ्यास निरुपद्रवी का ठरतो, याचा उलगडा रुग्णशय्येशेजारी होण्याआधी तो अक्षसूत्राच्या रचनेत करावा लागतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चित म्हणता येतात. डायनीन हे ए. टी. पी.ची ऊर्जा वापरून युग्मनलिकांना सरकविते, हे १९७१ पासून निःसंशय सिद्ध आहे. ते काढले असता चलन बदलते व परत घातले असता सुधारते, हेही सिद्ध आहे. मात्र काय बदलते हे कोणते डायनीन काढले यावर अवलंबून असते. केवळ डायनीनच्या बळावर लयबद्ध फटकारा उभा राहतो, हे सिद्ध झालेले नाही, आणि उपलब्ध पुरावा पाहता तसे होण्याचा संभवही नाही. कारण फटकारा हे एका प्रथिनाचे कार्य नसून बांधलेल्या, आवरलेल्या आणि वाकणाऱ्या एका संपूर्ण रचनेचे कार्य आहे. त्या रचनेत डायनीन हे करण आहे, कर्ता नव्हे, असे म्हणता आले असते. परंतु थोड्याशा बाहूंतही आढळणारे आंदोलन पाहता हेही विधान काहीसे आखडते घ्यावे लागते.

गिबन्स यांना २०१७ साली रोनाल्ड व्हेल यांच्यासमवेत शॉ पारितोषिक मिळाले आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा गौरव करताना त्यांनी डायनीनचा शोध लावला एवढेच सांगणे पुरेसे नाही. १९६५ मध्ये त्यांनी जे नाव दिले त्यात जेवढा दावा होता, तेवढा त्यांनी पुढे स्वतः प्रयोगाने भरून काढला, आणि बाह्य बाहू काढूनही पुच्छ हालते हे दाखवून त्या दाव्याची मर्यादाही स्वतःच आखली. या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या संशोधकाने त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे. प्रथिनाच्या कार्याविषयीचे प्रत्येक विधान समोर आले की, ते स्थानाचे आहे, क्रियेचे आहे, आवश्यकतेचे आहे, पुनःस्थापनेचे आहे की पुरेपणाचे आहे, हे आधी ठरवावे. मगच ते स्वीकारावे किंवा नाकारावे. पक्ष्माभिकांच्या क्षेत्रात आजही जे प्रश्न खुले आहेत, ते बहुतांशी या पाचव्या प्रकारचे आहेत.